व्हर्साय करार असताना जर्मनीने एवढं सैन्य उभं केलं तरी कसं?

पानपलट्या
शाळेत आपण एवढंच शिकलो की हिटलर आला, त्याने करार धुडकावला आणि सैन्य वाढवलं. आता नीट वाचायला घेतलंय तर हिशोबच लागत नाहीये. 1919 च्या करारात सैन्य फक्त 1 लाख, रणगाडे नाहीत, विमानदल नाही, पाणबुड्या नाहीत, सक्तीची भरती नाही. आणि 16 मार्च 1935 ला हिटलर जाहीर करतो की सक्तीची भरती सुरू, 36 डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) उभ्या करणार. तेव्हा त्याला सत्तेत येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. मग अधिकारी, वैमानिक, रणगाड्यांची डिझाइनं आली कुठून? दोस्त राष्ट्रांचे तपासनीस होते ना तिथे?

किल्लेदार
दोन वर्षांत नाहीच आलं ते. 1920 ते 26 सैन्याचा प्रमुख होता हान्स फॉन झेक्ट, त्याचं काम बघा. जनरल स्टाफवर, म्हणजे युद्धाची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गटावर, बंदी होती, तर तेच काम ‘ट्रुपेनआम्ट’ म्हणजे सैन्य कार्यालय अशा साध्या नावाखाली चालू ठेवलं. करारात अट होती की शिपायाने 12 वर्षं आणि अधिकाऱ्याने 25 वर्षं नोकरी करायची, म्हणजे दरवर्षी नवी माणसं शिकवून राखीव फौज तयार करता येऊ नये. झेक्टने काय केलं, 12 वर्षं हाताशी असलेल्या माणसाला थेट वरच्या हुद्द्याचंच काम शिकवायला घेतलं. पुढे सैन्य वाढवायची वेळ आली तेव्हा शिकवणारे तयारच होते.
तपासनीस 1927 च्या सुरुवातीलाच निघून गेले.

लालदिवा
आणि रशिया विसरू नका. 1922 ला जर्मनी आणि रशियात रापालोचा करार झाला, 1925 पासून मॉस्कोच्या दक्षिणेला लिपेत्स्क इथे जर्मन वैमानिकांची गुप्त शाळा होती, हॉलंडहून आणलेल्या फॉकर विमानांवर शिकायचे. कझानजवळ रणगाड्यांची वेगळी शाळा. घरी मात्र सरावाला मोटारगाडीवर कॅनव्हास-पुठ्ठा लावून रणगाडा केलेला असायचा, फोटो बघितलेत मी. नंतर खरा पँझर 1 बनवला तेव्हा कागदोपत्री त्याचं नाव काय, तर शेतीचा ट्रॅक्टर!
पाणबुड्यांसाठी हेगमध्ये डिझाइन कंपनी काढली होती. ‘वेसिक्को’ ही पाणबुडी जर्मन डिझाइनवर फिनलंडमध्ये बांधली, पुढच्या छोट्या जर्मन पाणबुड्या तिच्यावरूनच आल्या, आजही ती हेलसिंकीला ठेवलेली आहे. तरी मला सगळ्यात जास्त राग ब्रिटनचा येतो. 18 जून 1935 ला त्यांनी जर्मनीशी नौदलाचा करार केला, तुमचं नौदल आमच्या 35 टक्के चालेल म्हणून, फ्रान्सला न विचारता. जर्मनीची पहिली नवी पाणबुडी यू-1 त्याच्या तीन दिवस आधीच पाण्यात उतरलेली होती! तीन दिवसात पाणबुडी बनते का? त्यांना हे कळत नसेल?

पानपलट्या
बापरे, ही तारीख माहीतच नव्हती. पण जर्मनीत कुणीच बोललं नाही का याविरुद्ध?

किल्लेदार
बोलले ना. डिसेंबर 1926 मध्ये समाजवादी नेता फिलिप शाइडेमान भर संसदेत रशियाशी चाललेल्या व्यवहारावर बोलला, सरकार पडलं पण काम थांबलं नाही. आणि पत्रकार कार्ल फॉन ओसिएट्स्की, याच्याबद्दल जरूर वाचा. त्याच्या साप्ताहिकात 1929 ला गुप्त विमानदलाच्या तयारीवर लेख आला. छापलेलं खरं होतं आणि तरीही 1931 ला राष्ट्रीय गुपित फोडलं म्हणून 18 महिन्यांची शिक्षा झाली, लक्षात घ्या, हे प्रजासत्ताकाचं कोर्ट होतं, हिटलरचं नाही. माफीत सुटला, पण फेब्रुवारी 1933 ला नाझींनी परत उचलला आणि छळछावणीत टाकला. 1935 चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं, ते घ्यायला जाऊ दिलं नाही. मे 1938 मध्ये बर्लिनच्या हॉस्पिटलमध्ये क्षयाने गेला, तिथेही नजरकैदेतच होता. ज्या विमानदलाबद्दल छापलं म्हणून तो तुरुंगात गेला ते तोवर स्पेनमध्ये बॉम्ब टाकत होतं.