कण्हण्याची वजावट कोण करतं?

केसपेपर
कालच्या लेखातलं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये: "बायका लवकर कण्हतात, म्हणून डॉक्टर थोडी वजावट करून ऐकतात, त्यात भेदभाव कुठे?" अहो, त्या वजावटीलाच भेदभाव म्हणतात! अचानक पोट दुखू लागलं म्हणून इमर्जन्सीत आलेल्या ९८१ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २००८ साली आला. वेदनाशामक मिळायला पुरुषांना साधारण ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५. दहापैकी किती दुखतंय, याचा दोघांनी सांगितलेला आकडा जवळपास सारखाच होता.

जुना_सर्जन
१६ मिनिटांवरून एवढा गहजब? तरुण बाई, उजवीकडे खाली दुखतंय: अपेंडिक्स, मुतखडा, बीजकोशाला पीळ, फुटलेली गाठ, नळीतला गर्भ. पुरुषात यातली निम्मी यादी गळते. गरोदर आहे का याची लघवीची टेस्ट, सोनोग्राफी, वेळ लागणारच. आणि आधीच मॉर्फिन ठोकलं की पोट मऊ लागतं, निदान चुकतं.

भूलवाली
"पोट मऊ लागतं" अजून किती वर्षं चालवणार? मॉर्फिन देऊन मग तपासलेल्या रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्यात, चुकीची निदानं त्याने वाढली नाहीत. शिरेत लाईन (सलाईनची सुई) लागली की रक्त काढा आणि तिथूनच पॅरासिटामॉल १ ग्रॅम, १५ मिनिटांत (५० किलोच्या खाली किलोमागे १५ मिग्रॅ). गरोदर असली तरी चालतं. डायक्लोफिनॅक तेवढं टेस्ट होईपर्यंत थांबवा, कार्डावर ५ मिनिटांत कळतं. तरी कळ उतरली नाही तर मॉर्फिन, २-२ मिग्रॅ, दर ५ मिनिटांनी श्वास बघत. उशीर टेस्टमुळे होत नाही. "सोनोग्राफी झाल्यावर बघू" म्हणून ऑर्डरच लिहिली जात नाही, तिथे होतो.

निशिगंध
इमर्जन्सीचं राहू द्या, तांबी बसवतानाचं बघा. टेनॅक्युलम या चिमट्याचे टोकदार दात गर्भाशयाच्या तोंडात रुततात, मग साउंड (मोजायची सळई) घालून खोली मोजायची, मग नळी. तिन्ही वेळा वेगळी कळ, आणि भुलीच्या नावाने "थोडं टोचेल हं".

जुना_सर्जन
पाच मिनिटांचं काम. आयबुप्रोफेन देतातच की.

निशिगंध
आयबुप्रोफेन नंतरच्या पेटक्यांसाठी. बसवतानाची कळ त्याने फारशी कमी होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जागा बधिर करायला १ टक्का लिग्नोकेन: २ मिली टेनॅक्युलमच्या जागी, उरलेलं त्या तोंडाच्या कडेला, घड्याळाच्या ४ आणि ८ वर, एकूण २० मिलीच्या आत. मग ३ ते ५ मिनिटं हात बाजूला! टोचून लगेच नळी घालायची आणि वर "ब्लॉक (ही बधिर करणारी इंजेक्शनं) लागतच नाही" म्हणायचं, हे सर्रास चालतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४च्या सूचनांत वेदनेबद्दल आधी बोला, असं स्पष्ट लिहिलंय.

चिकित्सक
२० मिली असं सरसकट लिहू नका. नुसत्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ४.५ मिग्रॅ. १ टक्क्याच्या २० मिलीत २०० मिग्रॅ होतात. ४० किलोच्या बाईला १८० च्या पुढे जायचं नाही, म्हणजे १८ मिली. प्रत्येक वेळी पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना बघा. जिभेला मुंग्या, कानात गुणगुण सुरू झाली की तिथेच थांबा. शिवाय ब्लॉकची सुईही दुखते, ते आधी सांगा.

निशिगंध
वजनाचं मान्य, १० मिलीतही भागतं. पण भूल देण्यातली चूक काढायला लगेच धावता, भूल न देण्याला कुणीच चूक म्हणत नाही. याचाच संताप येतो.

भूलवाली
मूळ मुद्द्यावर येते. २०२४ साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या इमर्जन्सीच्या नोंदींचा अभ्यास आला. वेदनेचा आकडा पुरुषांचा जास्त वेळा लिहिला गेला, बायकांचा कमी. वेदनाशामकंही बायकांना कमी लिहून दिली गेली, डॉक्टर बाई असो वा पुरुष.

जुना_सर्जन
बाई डॉक्टरही तेच करतात ना? मग एकट्या पुरुषांना झोडपणं बंद करा. आकड्याचं मान्य करतो, नाइलाजाने. रकाना रिकामा असेल तर केसपेपर ट्रायजमधून (कुणाला आधी बघायचं ते ठरतं तिथून) पुढे सरकू नये. मॉर्फिनवर मात्र माझं मत बदललेलं नाही.

केसपेपर
एकदा भरून भागत नाही. शिरेतून औषध गेल्यावर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा विचारायचं आणि तो आकडा पहिल्याच्या शेजारी, वेळ घालून लिहायचा. ८ चा ७ झाला असेल तर दुसरा डोस तेव्हाच, राउंडची वाट न बघता.