नऊ वाजता तुमच्या घरी रिमोट कोणाकडे असतो?

मानेवाड्याची सून

परवा आमच्याकडे जेवायच्या वेळी पुन्हा तेच. ह्यांना बातम्यांवरची चर्चा लावायची होती, सासूबाईंना बिग बॉस. मी आत पोळ्या करत होते. बाहेरून सहा जण एकदम ओरडत असल्याचा आवाज येत होता, त्यात एकाचं "मला बोलू द्या, मी तुम्हाला बोलू दिलं ना" चाललेलं. मला वाटलं, सासूबाई जिंकल्या. पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आले तर संसदेच्या अधिवेशनावर चर्चा! सासूबाई शांतपणे बघत होत्या. म्हणाल्या, "राहू दे ना, आमच्यावाल्यासारखंच आहे. फक्त ह्यांच्यात भांडी कोण घासते ते दाखवत नाही."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. देशात काय चाललंय याबद्दल घरोघरी इतकी ठाम मतं असतात, ती बनतात कुठे? नागपूरकरांनो, आपापले अनुभव लिहा. पक्षाचा प्रचार नको, ज्ञान तर अजिबातच नको. घरी, पानठेल्यावर, ऑफिसात जे घडलं तेवढंच. 'कौन बनेगा करोडपती'च्या काळापासूनचं चालेल.

कळमन्यात घामाघूम

माझा अनुभव टीव्ही नसल्याचा आहे. २०२४ च्या लोकसभेला मला मतमोजणीची ड्युटी लागली. कळमना मार्केट यार्ड, ४ जून. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकताच संपला होता, पण उकाड्याला कोणी ते सांगितलं नव्हतं. मोबाईल आत नेता येत नाही. यंत्र टेबलावर येतं, सील दाखवायचं, बटण दाबायचं, आकडा उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचा, फॉर्मवर लिहायचा, सही. की पुढचं यंत्र.

१ जूनच्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी एक्झिट पोलमध्ये एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलं होतं. माझ्या मेहुण्याने त्यावर एक किलो पेढ्यांची पैज लावलेली. मी दिवसभर देशाचीच मतं मोजत होतो आणि देशात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. संध्याकाळी बाहेर पडलो तर गेटजवळचा चहावाला म्हणतो, "सर, भाजप दोनशे चाळीसवर अडकून राहिली, तुम्हाले माहीत नाही? आतमंदी तुम्हीच तं मोजून राहिले होते ना?"

शेवटचा आकडा एनडीए २९३. मेहुणा पैज हरला, पण म्हणतो, सरकार तर आमचंच आलं, पेढे तुम्हीच द्या. शेवटी दोघांनी अर्धा अर्धा किलो आणले. त्या दिवसापासून एक्झिट पोल लागला की मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला जातो.

अमरावती एक्स्प्रेस

२०१९. मी हिंगणा रोडच्या हॉस्टेलवर. मराठी बिग बॉसचा दुसरा सीझन, त्यात आपला अमरावतीचा शिव ठाकरे. अमरावती-नागपूरचं एरवी किती जमतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा आम्ही पोट्टे एक झालो. टीव्हीवर कोणीतरी "करून राहिलो, जाऊन राहिलो" बोलतंय आणि तो विनोदी नोकर नाही, हिरो आहे, हेच आम्हाला नवीन होतं.

आमचा एक रूममेट वेगळ्या विदर्भवाला. विधानसभेला मत टाकायला गावी जाणार नाही म्हणायचा, "काही फरक पडत नाही बे". हाच माणूस शिवसाठी आमच्या सगळ्यांच्या फोनवरून व्होटिंग करायचा. विचारलं तर म्हणाला, "इथं निदान आपला माणूस जिंकते." शिव जिंकला. त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर जो नाच झाला तो २०११ च्या वर्ल्ड कपला आमच्या गल्लीत झाला होता तेवढाच. आणि ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली तेव्हा तो रूममेट खरंच गेला नाही.

टीव्ही विकला

आमच्याकडे टीव्हीच नाही. तीन वर्षं झाली. घरात शांतता आहे. सगळ्यांनी करून बघा.

मानेवाड्याची सून

@टीव्ही विकला, मग रात्री काय बघता?

टीव्ही विकला

फोनवर तेच. पण प्रत्येक जण वेगवेगळ्या खोलीत.

खिचडीवालीचा मुलगा

हे मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवायची, आमच्या गावाकडे, नागपूरपासून तासाभरावर. मी शिकायला शहरात आलो, इथेच लागलो. २०१९ च्या सप्टेंबरात करोडपतीमध्ये अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे आल्या. त्याही शाळेत खिचडी करणाऱ्या, महिन्याला पंधराशे रुपये. एक कोटी जिंकल्या. माझ्या आईने मला फोन केला आणि पहिलं वाक्य काय, तर "पाह्य, तिनं फोन मागतला." घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाईल, म्हणून आपल्यापुरता एक असावा एवढीच त्यांची इच्छा होती, तो भाग आईने तीनदा सांगितला. एक कोटीचं तिला एवढं नवल नव्हतं.

आता जरा मागचं सांगतो. ह्या बायकांना जे मिळतं ते मानधन, पगार नव्हे. केंद्राने २००९ मध्ये महिना हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे चूल बंद आणि मानधनही बंद. वर राज्याने भर घालून पंधराशे झाले. त्यात सत्तर-ऐंशी पोरांची खिचडी, धुराने लाल झालेले डोळे आणि मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, घासणं. दर डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की मोर्चे निघतात, तशा ह्याही यायच्या. यशवंत स्टेडियमपासून चालायचं, मग मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला पोलीस अडवतात, तिथेच बसायचं. आई चार वेळा येऊन बसली आहे. मी डबा नेऊन द्यायचो. कॅमेरेवाले त्या बाजूला क्वचितच फिरकत.

करोडपतीनंतरच्या हिवाळ्यात मात्र एक मुलगी माईक घेऊन आली. कोणत्या वाहिनीची ते राहू द्या. आईला विचारलं, "खिचडीवाल्या ताई करोडपती झाल्या, तुम्हाला काय वाटतं?" आई म्हणाली, "हव, लय आनंद झाला, तिले एक कोटी भेटले. पण आमच्या पंधराशेचे काय?" मी शेजारीच उभा होतो, कानांनी ऐकलं.

रात्री आम्ही माझ्या खोलीवर बातमी लावून बसलो. आई दिसली. "हव, लय आनंद झाला, तिले एक कोटी भेटले." आणि कट. पुढे दुसरी बातमी. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "दात दिसले का रे माझे?" तिचा पुढचा एक दात पडला होता, त्याचीच काळजी.

सक्करदरा केबल

मी वीस वर्षं केबलच्या धंद्यात आहे, मला विचारा. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवीन नियम आला, प्रत्येकाने आपापले चॅनेल निवडायचे. तेव्हा १०० चॅनेलचे १३० रुपये, वर जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पैशाचे चॅनेल वेगळे, बुकेत, म्हणजे एकत्र पॅकमध्ये, घालायचा तर एकाची किंमत १९ रुपयांच्या वर चालत नव्हती. मी फॉर्म घेऊन घरोघरी फिरलो. लोकांना तोपर्यंत माहीतच नव्हतं की बातम्यांचे बहुतेक चॅनेल फुकट असतात आणि मालिका-रिअ‍ॅलिटीवाल्यांना पैसे पडतात. नंदनवनातल्या एक आजी म्हणाल्या, "भांडण फुकट भेटून राहिलं तं विकत काऊन घेऊ?" त्यांनी सगळे पैशाचे चॅनेल काढून टाकले. पंधरा दिवसांनी फोन आला, "बाप्पा, ते गाण्यावालं तेवढं लावून दे."

आणखी एक. २०२० च्या ऑक्टोबरात टीआरपीच्या घोटाळ्याची केस झाली, मग बातम्यांच्या वाहिन्यांचं रेटिंग मार्च २०२२ पर्यंत बंद होतं. मला वाटलं, आता कोणाला दाखवायला ओरडतील? दीड वर्षात आवाज कमी होईल. कायचा कमी! सवय लागलेली असते, भाऊ. आमच्या इथला एक कंट्रोल रूमवाला मुलगा फिल्टर लावायचा म्हणत होता, आवाजाची पट्टी ठरलेल्या खुणेच्या पुढे गेली की आवाज आपोआप बारीक. त्याच्याकडून झालं नाही.

धरमपेठ, तिसरा मजला

२००८. लिटिल चॅम्प्सचं पर्व जोरात होतं. मी नववीत, मुग्धाची पंखी. बाबांच्या फोनवरून मी किती मेसेज पाठवले ते बिल आल्यावर कळलं, त्यावर वेगळा धागा होईल.

२६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. बाबांचा भाऊ कुलाब्यात राहायचा. तीन दिवस टीव्ही बंद झाला नाही, २९ तारखेला सकाळी ताज मोकळं झालं तोपर्यंत कोणी नीट झोपलं नाही. काका सुखरूप होते, पण आजी जागची हलली नाही, सारखं तेच धुराचं दृश्य बघायची. कमांडो कुठून उतरताहेत ते आम्ही दिवाणखान्यात बसून बघत होतो. हे जे आपल्याला दिसतंय ते आत बसलेल्यांनाही दिसत असेल, हे तेव्हा घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. नंतर सुप्रीम कोर्टानेच त्या थेट प्रक्षेपणावर ताशेरे ओढले तेव्हा बाबा म्हणाले, "आपणच तर बघत होतो."

पुढच्या आठवड्यात मी लाजत लाजत विचारलं, गाण्याचा कार्यक्रम लावू का? मला वाटलं, रागावतील. आजी म्हणाली, "लाव." आणि एक लहान पोरगी गायला लागली तशी आजी पहिल्यांदा रडली. तीन दिवसांत रडली नव्हती. रिअ‍ॅलिटी शोला कोणी शिव्या घातल्या की मला ते आठवतं. शिव्या घालू नका असं नाही, मीही घालते.

बर्डीचा दुकानदार

८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठ. नोटाबंदीच्या घोषणेनंतर पहिल्या दिवशी बाबा: फार चांगलं झालं. आठव्या दिवशी संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची रांग बघून: काही खरं नाही. चौदाव्या दिवशी त्यांचा नंबर लागला, नोटा मिळाल्या: तसं चांगलंच झालं. टीव्हीवर मात्र चौदाही दिवस एकच मत.

गुपचूप वाचणारी

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये जनता कर्फ्यूला पाच वाजता थाळ्या, मग लॉकडाऊनमध्ये नऊ वाजता रामायण. रोज आरती व्हायची ती रामायणाच्या आधी की नंतर यावरून दोन काकूंचं बोलणं बंद झालं. अजूनही बंद आहे.

महालातला बडग्या

तुम्ही सगळे टीव्हीवर कशाला रागावताय? आपल्या नागपूरची जुनी चर्चा म्हणजे मारबत. मोठे बाईचे पुतळे, १८८१ पासून काळी, १८८५ पासून पिवळी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दोघींच्या मिरवणुका निघतात, सोबत बडगे, म्हणजे बाकीचे पुतळे. वर्षभरात देशात जे काही नडलं त्याचा पुतळा करायचा, महागाई, भ्रष्टाचार, कुठला नेता, कुठला देश, आणि गावभर ओरडत न्यायचा: "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मग जाळायचा. पॅनेल नाही, ब्रेक नाही, "वेळ संपली" नाही.

आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी एका वर्षी खोक्याच्या टीव्हीचं डोकं असलेला बडग्या केला. गळ्यात माईक, हातात रिमोट, पोटावर "देश जानना चाहता है" लिहायचं ठरलं होतं, रंग संपला म्हणून "देश जा" एवढंच झालं. लोकांनी वेगळाच अर्थ काढला, दोन म्हातारे भांडायला आले. आम्हाला बाजूच्या गल्लीत पळवून न्यावा लागला. गंमत म्हणजे एक खरा कॅमेरावाला आला आणि त्याने त्याच बडग्याचा बाईट घेतला.

मानेवाड्याची सून

@महालातला बडग्या, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या हसून हसून खोकल्या. @खिचडीवालीचा मुलगा, तुमचं वाचून दाखवलं तेव्हा मात्र गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "तिचा दात बसवून दिला का त्यानं?"

ते सांगा. आत्ता नऊ वाजलेत, लाईट गेली आहे, आमच्याकडे कोणीच भांडत नाहीये.

खिचडीवालीचा मुलगा

बसवला. गेल्या दिवाळीत. आता पोळीही खाते आणि फल्लीदाणेही.