ड्रिपच्या मोटरच्या व्हीएफडीला डिजिटल पॉट लावायचाय, कोणता घेऊ?

दिंडोरीकर: नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत ड्रिपच्या ५ एचपी मोटरला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) बसवलाय. पॅनलवर १० केचा (१० किलोओहमचा) पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर, आहे, तो फिरवून स्पीड ठेवतो. व्हॉल्व्ह बदलला की दर वेळी शेडपर्यंत जायचं, त्यात लाइट बरेचदा रात्रीची. म्हणून पॉटच्या जागी डिजिटल पॉट लावून ईएसपी३२ (वायफायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) वरून चालवायचा विचार आहे. एमसीपी४१०१० की एक्स९सी१०३? दोन्ही १० केचेच आहेत.

अंबड_मेंटेनन्स: भाऊ, १० के जुळलं म्हणजे झालं असं नाही. व्हीएफडी चालू ठेवून पॉटच्या दोन टोकांच्या वायरींत किती व्होल्ट येतात ते मोजून सांगा. फक्त कंट्रोलच्या टर्मिनलवर मोजा, पॉवरच्या बाजूला हात नको.

दिंडोरीकर: १०.०२ आले दादा.

अंबड_मेंटेनन्स: मग दोन्ही बाद. साध्या पॉटमध्ये कार्बनची पट्टी असते, तिला १० व्होल्टचं काही वाटत नाही. डिजिटल पॉट म्हणजे रेझिस्टरची माळ आणि तिच्यावर सीमॉस स्विच, म्हणजे चिपमधले इलेक्ट्रॉनिक स्विच. एमसीपी४१०१० च्या पायांवर सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज चालत नाही, आणि सप्लाय जास्तीत जास्त ५.५. एक्स९सी१०३ ला ग्राउंडच्या मानाने ५ व्होल्टच्या वर जाता येत नाही. पहिल्याच दिवशी चिप जाईल. एडी५२९० सारखे ३० व्होल्टपर्यंतचे मिळतात, पण त्यासाठी इतका खटाटोप मी करणार नाही.

सिडको_एम्बेडेड: दादांशी सहमत. मला याहून जास्त काळजी लाइटची वाटते. एमसीपी४१०१० ला मेमरी नाही. लाइट जाऊन आली की तो बरोबर मध्यावर उभा राहतो. ऑटो स्टार्ट असेल तर तुम्ही झोपेत आणि मोटर अर्ध्या स्पीडवर चालू. एक्स९सी१०३ साठवलेल्या जागेवर परत येतो, पण पायऱ्या १००च.

पॉट नकोच. ईएसपी३२ च्या २५ नंबरच्या पिनवर डीएसी आहे, म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करून देणारा भाग, ० ते ३.३ व्होल्ट. पुढे १२ व्होल्टवर एलएम३५८ ओपॅम्प (व्होल्टेज वाढवणारी चिप), फीडबॅकला २० के, खाली ग्राउंडला १० के. तिप्पट होऊन ९.९ मिळतात. डीएसीच्या पिनला १०० केचा पुलडाऊन (ग्राउंडला जोडलेला रेझिस्टर) लावा, म्हणजे बोर्ड चालू होईपर्यंत स्पीड शून्यावरच राहील. व्हीएफडीपर्यंत शील्डेड वायर वापरा.

अंबड_मेंटेनन्स: त्याआधी कंट्रोल पट्टीवर ए आणि बी, किंवा ४८५ असं काही लिहिलंय का बघा.

दिंडोरीकर: आहे! शेवटची दोन टर्मिनल, ४८५ प्लस आणि मायनस.

अंबड_मेंटेनन्स: मग ओपॅम्पचीही गरज नाही. ईएसपी३२ ला ४८५ च्या वायरींशी जोडणारी मॅक्स३४८५ चिप घ्या, ३.३ वरच चालते. त्या वायरींवर मॉडबसवरून (यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवायची ठरलेली पद्धत) फ्रिक्वेन्सी पाठवा, करंट आणि फॉल्टही वाचता येईल. आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं) मॉड्यूल मिळालं तर तेच घ्या. मॅन्युअलमध्ये कम्युनिकेशन तुटल्यावर काय करायचं त्याचं पॅरामीटर शोधा आणि ते स्टॉपवर ठेवा. जुना पॉट काढून टाकू नका, सिलेक्टर स्विचवर राहू द्या. ऐन छाटणीनंतर बोर्ड बंद पडला तर पाणी थांबायला नको.

दिंडोरीकर: मॅन्युअल शेडमध्ये आहे, संध्याकाळी पॅरामीटर नंबर टाकतो.