रोजची सायकल, रोजचा रस्ता: तुमचे अनुभव लिहा

सायकलने कामाला जातो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "भीती नाही वाटत?" शर्यतवाली मंडळी जरा बाजूला राहू देत. नोकरी, शाळा, दुकान यासाठी सायकल मारणाऱ्यांनी लिहा.

प्रतिसाद १
धास्ती मागच्या गाडीची असायची, आडवं केलं उभ्या गाडीच्या दाराने. हँडलचं टोक दाराच्या कडेला अडकलं आणि मी थेट डांबरावर. आता उभ्या गाड्यांपासून दारभर अंतर ठेवतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. गाडीवाल्यांनो, दार पलीकडच्या हाताने उघडा, अंग वळतं आणि नजर आपसूक मागे जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हेच सांगितलंय.

प्रतिसाद २
मी ट्रकवाला. केबिन उंच, त्यामुळे दाराखाली उभा सायकलवाला मला दिसतच नाही. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने येत नाहीत, आत कापतात. सिग्नलला फटीतून पुढे घुसू नका हो. आरशात माझा चेहरा दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही, असंच धरून चला.

प्रतिसाद ३
ट्रकवाले दादा, हे लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला सगळे "कडेने चालव" सांगतात. कडेला वाळू, काचा, गटाराच्या जाळ्या! शिवाय कडेला गेलं की मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो घासून जातो.

प्रतिसाद ४
रात्रपाळीवाल्यांसाठी: फ्लुरोसंट जाकीट दिवसा चमकतं, अंधारात नाही. रात्री दिवे हवेतच, शिवाय हेडलाइटचा उजेड परत फेकणारी पट्टी. ती घोट्याला बांधा. वर-खाली होताना दिसली की हा माणूस आहे हे लांबूनच कळतं.

प्रतिसाद ५
हेल्मेटवरून भांडण सुरू व्हायच्या आत सांगतो. मी घालतो. पण युरोपीय मानकात ते साधारण ताशी २० किमीच्या आपटण्यावर तपासतात. गाडीचा वेग ३० वरून ५० झाला की धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. तिथे हेल्मेट किती पुरणार?

प्रतिसाद ६
मी सायकल बंद केली. नवीन नोकरीच्या वाटेत हमरस्ता आहे, गाड्या ऐंशीने जातात, अवजड वाहन शेजारून गेलं की हँडल हलतं. मला पट्ट्या-दिवे सांगू नका, तिथे वेगळी लेनच पाहिजे.

धागाकर्ता
पटलं. आतून रस्ता नाही का?

प्रतिसाद ६
आहे. लांबचा, खड्ड्यांचा. रविवारी एकदा जाऊन बघतो.