लंडनमध्ये आईला जगभरचं शाकाहारी खायला घालायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईला घेऊन पाच दिवस लंडनला जातेय. काय काय बघायचं ते ठरलंय, घोडं अडलंय खाण्यावर.

आई ७१ वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंही नाही. कांदा-लसूण एरवी चालतो, चातुर्मासात नाही, म्हणून मुद्दाम आषाढीच्या आधीचे दिवस धरलेत. जो तो सांगतोय, ठेपले न्या, तिकडे आपलं जेवण सगळीकडे मिळतं. खरं आहे. युस्टन स्टेशनाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळेपासून डोशापर्यंत सगळं मिळतं, हॉटेलही त्याच भागात घेतलंय. पण आईला ते नकोय.

तिची एक दोनशे पानी वही आहे. पुरवण्यांमध्ये आलेल्या परदेशी पाककृती कापून ती त्यात चिकटवते आणि खाली पेनाने स्वतःची टीप लिहिते. हमस म्हणजे काबुली चणे आणि तिळाच्या चटणीच्या कात्रणाखाली लिहिलंय : "तीळ जास्त भाजले गेले, कडवट झालं. मूळ चव कशी असेल?" हा शेवटचा प्रश्न त्या वहीत पानोपानी आहे. चाळीस वर्षं तिने घरादाराला करून वाढलं. आता त्या मूळ चवी तिला बसल्या जागी, दुसऱ्या कुणीतरी वाढून मिळाव्यात एवढीच माझी इच्छा आहे.

भीती का वाटते तेही सांगते. चार वर्षांपूर्वी बँकॉकला एका ठिकाणी 'व्हेज' सांगून भाज्या घातलेला भात मागवला. अर्धा संपल्यावर कळलं की त्यात फिश सॉस आहे. वाढणाऱ्या मुलीने लपवलं नव्हतं, माशाचा तुकडा नाही म्हणजे तिच्या लेखी ते शाकाहारीच होतं. आई एक शब्द बोलली नाही. बशी हलकेच पुढे सरकवली आणि उरलेले दोन दिवस केळ्यांवर काढले. ती बशी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आत्तापर्यंतचा बेत असा. हाइड पार्कच्या दिवशी मार्बल आर्चवरून एजवेअर रोडला लेबनीज जेवण, तिथे हमस आणि फलाफल (चण्याचे तळलेले वडे) खात्रीचं वाटतं. नॅशनल गॅलरी बघून झाली की चायनाटाउन चालत पाच-दहा मिनिटांवर, पण तिथलं काहीच कळत नाही. एक दिवस प्रिमरोज हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते घर, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आईला ते बघायचंच आहे. तिथून कॅमडेन मार्केट जवळ पडतं, तर त्या दिवशी काय खावं?

आणि मुख्य म्हणजे, हॉटेलात नेमकं काय आणि कसं विचारायचं? तिकडे राहणाऱ्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं इथे आहे, घरी आम्ही सगळे शाकाहारी. आधी विचारायचं कसं ते सांगतो. इथल्या कायद्याप्रमाणे १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते. बसल्याबरोबर 'अ‍ॅलर्जन शीट' मागा. फिश सॉस असेल तर 'फिश'खाली दिसतो, ऑयस्टर सॉस 'मोलस्क' (कालवं-शिंपले) खाली, कोळंबीची पेस्ट 'क्रस्टेशियन' (कोळंबी-खेकडे) खाली. अंडंही कळतं. पण चिकनचा स्टॉक, म्हणजे चिकन उकळून काढलेलं पाणी, त्या चौदांत येत नाही, तो तोंडी विचारायचा. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं, तेही तिथे दिसत नाही. आणि फलाफल कुठल्या तेलात तळतात, चिकन त्याच कढईत जातं का, हे एजवेअर रोडलाही विचारा. तिथे मुजद्दरा मिळाला तर सोडू नका, मसूर-तांदळाची खिचडी आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा.

चायनाटाउनमध्ये सूप टाळा, 'व्हेजिटेबल' लिहिलं तरी स्टॉक बहुतेक चिकनचा. बौद्ध पद्धतीचं पूर्ण शाकाहारी हॉटेल निवडा, मात्र 'मॉक डक' (नकली बदक) वगैरे मागवू नका. ते गव्हाच्या ग्लूटेनचं असतं, पण दिसायला आणि चावायला इतकं मांसासारखं की आईंना घास उतरणार नाही.

माझं ऐकाल तर एक जेवण इथिओपियन कराच. तिकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. म्हणून शाकाहारी पदार्थांची त्यांच्याकडे रेलचेल. 'येत्सोम बेयाय्नेतू' म्हणजे उपासाचं मिश्र ताट मागवा. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याचं आंबवलेलं, जाळीदार, आंबोळीसारखं. त्यावर मसुराची आमटी, कोबी-बटाटा, पालेभाजी. आणि शिरो, म्हणजे चण्याच्या पिठाचं झणझणीत पिठलंच समजा! हातानेच खायचं. सगळे एकाच मोठ्या ताटात जेवतात, उष्ट्याचं वाटत असेल तर वेगवेगळी ताटं मागा, देतात.

दुपारी तीन ते साडेपाच बरीच हॉटेलं बंद असतात, जेवणं वेळेत उरका. बिलात बहुधा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो, मग वेगळी टीप नको. पाणी साधं नळाचं मागा, फुकट मिळतं.

धागाकर्ती

दादा, किती नेमकं लिहिलंत! चौदातलं काय दिसतं आणि काय तोंडी विचारायचं, हे कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलंय. कॅमडेनच्या दिवशी संध्याकाळी इथिओपियन नक्की.

आत्ताच फोनवर आईला सगळं वाचून दाखवलं. पिठल्याशी आल्यावर तिने मला थांबवलं आणि विचारलं, त्या शिरोला फोडणी कशाची देतात? कुणाला माहीत असेल तर सांगा, ती वही उघडून बसलीय.