झायमोग्राफी: शॅममध्येही एमएमपी-९ चा बँड का येतो?

कॉर्टेक्स_७: रॅटच्या कॉर्टेक्सवर (मेंदूच्या बाहेरच्या थरावर) नियंत्रित आघात, २४ तासांनी नमुना. एमएमपी-९ (पेशींभोवतीची प्रोटीनं तोडणारं एन्झाइम) झायमोग्राफीने पाहतोय, म्हणजे जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये प्रोटीनं वेगळी करून एन्झाइमने जिलेटिन खाल्लेली जागा बँड म्हणून बघायची. १० टक्के जेलमध्ये १ मिग्रॅ/मिली जिलेटिन, प्रत्येक लेनला ४० मायक्रोग्रॅम प्रोटीन. इजेच्या बाजूला ९५ किलोडाल्टनच्या आसपास ठळक बँड आहे. पण कवटी उघडून आघात न दिलेल्या शॅममध्येही तोच फिकट दिसतो, आणि सात दिवसांच्या धडधाकट पिल्लांच्या सेरेबेलममध्येसुद्धा (लहान मेंदूत). नमुन्यातच गडबड आहे का?

जेलवाला: आधी रक्तावर संशय घ्या. न्यूट्रोफिलच्या (एका पांढऱ्या रक्तपेशीच्या) कणिकांत एमएमपी-९ तयारच भरलेलं असतं. यकृत फिकट पडेपर्यंत थंड सलाइनने परफ्यूजन केलं नसेल (रक्तवाहिन्या धुतल्या नसतील), तर मेंदूबरोबर रक्तही मोजलं जातं. ऊतकात झिरपलेलं रक्त मात्र परफ्यूजननेही निघत नाही. शिवाय ड्रिलची उष्णता आणि कंपनं एवढ्यानेही खालचा कॉर्टेक्स दुखावतो. ड्रिल थांबत थांबत, सलाइनने गार करत चालवा आणि कवटी न उघडलेला तिसरा गट ठेवाच.

ट्रायटन_एक्स: नमुना उकळायचा नाही, मर्कॅप्टोइथेनॉल (प्रोटीनमधले सल्फरबंध तोडणारं रसायन) घालायचं नाही, हे माहीत असेलच. नंतर २.५ टक्के ट्रायटनमध्ये (सौम्य डिटर्जंटमध्ये) अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन वॉश. इथे घाई केली की जेलमधलं एसडीएस (प्रोटीन उलगडणारं डिटर्जंट) राहतं आणि एन्झाइम पुन्हा घडी घेत नाही. मग ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ३७ अंशांवर रात्रभर. त्याच नमुन्यांचं दुसरं जेल कॅल्शियमऐवजी २० मिलिमोलर ईडीटीए (एमएमपीला लागणारे धातू पकडून ठेवणारं रसायन) घालून ठेवा. त्यात बँड उरला तर तो एमएमपीचा नव्हे.

आणि मुख्य मुद्दा: एसडीएसमुळे प्रो-एन्झाइम (अजून सक्रिय न झालेलं रूप) उलगडतं आणि तेही जेलमध्ये जिलेटिन खातं. त्यामुळे बँड दिसला म्हणजे जिवंत मेंदूत ते काम करत होतं, असं ठरत नाही.

पर्किंजे: पिल्लांचा बँड खरा असू शकतो. सेरेबेलममध्ये ग्रॅन्यूल पेशी आत सरकतात त्या जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एमएमपी-९ जास्त असतं, पुढे ओसरतं. म्हणून पिल्लाची तुलना त्याच वयाच्या पिल्लाशी आणि मेंदूच्या त्याच भागाशी करा.

खरी क्रिया पाहायची तर ताज्या गोठवलेल्या छेदांवर डीक्यू-जिलेटिन (एन्झाइमने तोडलं की चमकणारं जिलेटिन) लावा. पॅराफॉर्मल्डिहाइड (ऊतक पक्कं करणारं रसायन) आधी लावलंत तर एन्झाइमची क्रियाच मारली जाते. शेजारचा एक छेद १ मिलिमोलर फेनॅन्थ्रोलिनमध्ये (हेही धातू पकडतं) ठेवा. तिथेही चमक तेवढीच राहिली, तर ती मेटॅलोप्रोटिएजची (एमएमपीसारख्या धातूवर चालणाऱ्या एन्झाइमची) नाही.