बाबांची कावीळ उतरत नाहीये, इआरसीपी करावी का? (मदत हवी आहे)

खारीक
जरा पटकन सांगा, उद्या सकाळी डॉक्टरांना कळवायचंय. बाबांना तीन आठवडे कावीळ आहे, बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य, ज्यावरून कावीळ किती ते कळतं) ९.८. डॉक्टर इआरसीपी करू म्हणतात, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीपर्यंत जायचं. करावी का? कुणाचा अनुभव?

वाळवण
वय? डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त अडलं की वाढतं ते, किती? सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलीय का? नुसत्या ९.८ वरून काय सांगणार!

तात्या देवगडकर
दुर्बिणीच्या भानगडीत पडू नका. आमच्याकडे एक आजी मुळी देतात, निरशा पोटी ताकातून. माझी पाच दिवसांत उतरली होती.

रिकामटेकडा
तात्या, तुमची ए नाहीतर ई विषाणूची असणार. ती बहुतेकदा आपली आपणच उतरते, श्रेय मुळीला.

खारीक
वय ६७. डायरेक्ट ८.१. नळी फुगलीय. अंग इतकं खाजतं की रात्री कंगव्याने पाठ खाजवतात. शौचाला शाडूच्या मातीसारखी होते.

वाळवण
म्हणजे पित्त आतड्यात उतरतच नाहीये. खडा, नळी आकसणं, नाहीतर स्वादुपिंडाशी गाठ. एमआरसीपी झाली का? त्यात नुसते फोटो निघतात, इआरसीपीत खडा काढता येतो. पित्ताशयात खडे आहेत?

खारीक
पित्ताशय दीड वर्षापूर्वीच काढलं. मग खडा येईलच कुठून? एमआरसीपी नाही झाली.

जोंधळा
येतो. जुना राहून जातो किंवा नळीतच नवा होतो. माझ्या आईचा इआरसीपीने काढला. नंतर स्वादुपिंडाला सूज आली, चार दिवस नुसत्या सलाइनवर. तरी परत सांगितली तर करेन.

मेथीचा लाडू
मी रात्रीचं जेवण सात वाजता करायला लागल्यापासून फॅटी लिव्हर ग्रेड २ वरून १ वर आलं. साखर पूर्ण बंद. कुणाला डाएट हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रिकामटेकडा
विचारलंय काय, सांगताय काय!

तात्या देवगडकर
निदान उसाचा रस तरी द्या.

वाळवण
गाड्यावरचा, बर्फासकट? त्या पाण्यातूनच कावीळ होते लोकांना.

तात्या देवगडकर
बिनबर्फाचा मागितला की देतात हो.

खारीक
रस नको, बाबांना शुगर आहे. हो, एक राहिलं. पित्ताशय काढायच्या आधी नळीत खडा होता, तेव्हा ती उघडी राहावी म्हणून आत स्टेंट (बारीक पोकळ तुकडा) टाकला होता. तो आहे अजून. त्याचा काही संबंध?

वाळवण
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! प्लास्टिकचा असेल तर साधारण तीन महिन्यांत काढतात किंवा बदलतात. गाळ साचून बुजतो तो. डिस्चार्ज कार्ड बघा. आणि थंडीताप आहे का?

खारीक
कार्डावर ‘काढण्यासाठी ६ आठवड्यांनी यावे’ लिहिलंय. आम्हाला वाटलं, टाके. ते तर आधीच काढले होते म्हणून गेलोच नाही. काल संध्याकाळी हुडहुडी भरली होती, तापाची गोळी दिली.

वाळवण
सकाळची वाट बघू नका. कावीळ आणि हुडहुडी म्हणजे नळीत जंतुसंसर्ग असू शकतो, तो रक्तात पसरतो. आत्ता इमर्जन्सीत न्या, कार्ड सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. पित्त अडलं की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. ते आधी तपासतील.

खारीक
आहे एक, हृदयासाठीची. रिक्षा बोलावलीय.

तात्या देवगडकर
पोचलात की कळवा. मुळीचं राहू दे.